गारपीट

दुलुथमध्ये बर्फ फुकट पडतो,
रिंक मात्र भाड्याने घ्यावी लागते.
स्वस्त वेळ एकच, रविवारी रात्री अकराची.
त्या वेळेला आपलेच लोक जागे, बाबा म्हणायचे,
आपले म्हणजे ज्यांना उद्या पहाटे
कागद गिरणीत सहाची पाळी आहे.

याआधी बर्फ पाहिला होता तो
बारापात्रेंनी इतवारीत, भुशात पुरलेली लादी,
लोपीसकाकांनी वसईच्या बंदरावर, पापलेटांखाली.
घरतांनी थेट इथेच, विमानतळाच्या दारात,
आणि पहिल्याच पावलाला तोंडघशी.
वाक्प्रचार पुस्तकातून निघून
नाकातून वाहायला लागला, हे त्यांचंच वाक्य.

तोइवो नावाचा फिनिश म्हातारा रिंक राखायचा.
त्याने नऊ जणांना खुर्च्या ढकलत उभं राहायला शिकवलं.
पांगुळगाडा धरलेली नऊ मिशाळ बाळं.

बाबा गोलकीपर, कारण पॅड त्यांच्याकडेच होते,
क्रिकेटचे, सांगलीहून आणलेले,
खडूचा वास अजून न गेलेला.
पक आला की ते डावा पाय पुढे टाकत,
मान खाली, काठी सरळ, बचाव कसा शास्त्रशुद्ध.
पकला शास्त्र ठाऊक नव्हतं.
दोन दात त्या हिवाळ्यातच गेले.

नाव ठेवलं गारपीट.
अचानक येते, नुकसान करते, लोपीस म्हणाले.
नुकसान झालं ते आमचंच.
बारा सामने, बारा हारी,
आमच्यावर एकशे चार गोल, आमचे सात.
सगळं माझ्या वहीत आहे. मी नऊ वर्षांची,
हातमोजा दातात धरून पेन्सिल चालवायची.
सातही गोलांपुढे एकेक चांदणी आहे,
सहावीवर कॉफी सांडलेली.

बाबांनी कराडला थोरल्या भावाला लिहिलं:
'दर रविवारी रात्री आम्हा सगळ्यांचा पाय घसरतो.
आता सवय झाली आहे.'
उत्तर चार पानी आलं,
वहिनीच्या कुंकवाची शपथ आणि परत ये.
पाहुणे आले की आई ते मोठ्याने वाचून दाखवायची.

डावपेच इंग्रजीत, शिव्या ज्याच्या त्याच्या गावच्या,
पण कुणी पडलं की बाकावरून एकच शब्द यायचा:
ऊठ.
तोइवोही तेच ओरडायला लागला.
एकदा समोरच्या संघाच्या पोरालाही.

अकरा वर्षं चाललं. मग संपलं असंही काही झालं नाही.
घरत टेक्सासला गेले, जिथे बर्फ ग्लासात असतो.
गिरणीची एक पाळी गेली, बाबांचा गुडघा गेला.
एका रविवारी रात्री अकराला
आम्ही सगळे झोपलेले होतो.

यंदा घर रिकामं करायला आले.
मंडळाच्या नव्या अध्यक्षांना पॅड दाखवले.
चांगले आहेत, म्हणाले, पण आमच्याकडे क्रिकेट
टेनिस बॉलने खेळतात.

शनिवारी सकाळी रिंकवर गेले, उगाच.
सहा-सात वर्षांची पोरं, हेल्मेटं अंगापेक्षा मोठी,
एक पडला की दुसरा त्याला अडखळून.
आणि तांबड्या वेणीची एक प्रशिक्षक
टाळ्या वाजवत ओरडत होती, 'उट! उट!'

मी काचेपाशी गेले. विचारलं, हे काय म्हणता?
हॉकीतलाच शब्द आहे, ती म्हणाली, जुना.
माझे आजोबा म्हणायचे. फिनिश असावा.

सांगायचं होतं बरंच.
नऊ नावं होती, वही गाडीतच होती.
पण तेवढ्यात एक पोरगी पालथी पडली,
उताणी झाली, आढ्याकडे बघत राहिली,
आणि मी म्हटलं, ट नाही. ठ.
जीभ टाळूला लावा आणि श्वास सोडा, जोरात.
थंडीत सोपं असतं,
बरोबर आला की तोंडासमोर वाफ दिसते.

तिने करून पाहिलं.
नाही दिसली.
पुन्हा.